झाकण न उघडता

“दार उघडू नको, पण बोल तं खरी,” विमलताई जाळीच्या दाराला तोंड लावून म्हणाली. “आम्ही काय तुले उचलून नेतो का वं?”

आतल्या अंधारात सत्यशीला उभी होती. बाहेरून तिच्या पातळाचा काठ तेवढा दिसत होता, आणि तोंडावरचा पांढरा मास्क. दिग्रसमध्ये एव्हाना बँकेतसुद्धा कोणी मास्क लावत नव्हतं. बाजारात तर लोक पुन्हा एकमेकांच्या खांद्यावरून वाकून भाजी निवडायला लागले होते.

“येईन नं. पाहते,” ती आतून म्हणाली.

“पाहते-पाहते करून दीड वर्ष झालं. परवा कोजागिरी हाये. दोन वर्सं भुलाबाई बिचारी माह्या माळ्यावर बोचक्यात पडून होती. औंदा मांडली. वावरातून ज्वारीचे धांडे आणले. तू नाई आली तं भुलाबाई उचलीन अन् तुह्या ओट्यावर आणून ठेवीन, पाह्यजो.”

सत्यशीला हसली असावी. मास्क हलला.

“बरं. पण मी काही करून आणणार नाही, सांगून ठेवते.”

“नको आणू. तू फक्त नाक घेऊन ये,” विमलताई म्हणाली.

आत काही क्षण आवाज आला नाही. मग दारामागून ती “येते” म्हणाली आणि आत गेली. परतताना विमलताई खुशीत होती. मला मात्र त्या मधल्या शांततेचं काहीतरी खटकलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला माझा. ट्रंक कॉल लावून द्यायचा आणि लाइन जुळली की कानावरचा हेडफोन काढायचा, एवढंच काम. पण माणूस बोलता बोलता थांबलं तर का थांबलं, हे ओळखायची सवय त्या नोकरीनं लावली. आता कानात यंत्र आलं, तरी ती सवय गेली नाही.

आमची गल्ली कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागची. आम्ही तिघी थोड्या थोड्या अंतरानं लग्न होऊन इथं आलो. विमलताई सगळ्यांत आधी. तिचं घर शेतकऱ्याचं, गावाला लागून कापसाची आणि तुरीची जमीन. मग मी. सत्यशीला शेवटी आली, राळेगावकडची. तिचे यजमान वामनराव जिनिंगमध्ये हिशेबनीस होते आणि ती स्वतः पुढे नगरपरिषदेत पाणीपट्टीच्या टेबलावर कारकून झाली. खाली मान घालून काम करणारी. तिच्याबद्दल सांगण्यासारखं असं काही घडलं नाही. मुलगा झाला, तो शिकला, पुण्याला गेला. ती निवृत्त झाली तेव्हा ऑफिसनं तिला घड्याळ दिलं. ते तिच्या स्वयंपाकघरात अजून चालतं.

पण तिचं नाक! नळाला पाणी आलं की ओंजळीत घेऊन सांगायची, आज ब्लीचिंग जास्त पडलं. शेजारी कढीला फोडणी बसली की इकडे हिला कळे, त्यात मेथी घातली की विसरली. आणि भुलाबाईत तर तिचंच राज्य.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी. पार्वती नवऱ्याला घेऊन माहेरी आली, असं समजायचं. संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि शेवटी त्या घरची खिरापत. पण खिरापत अशी मिळत नाही. डबा झाकणासकट समोर येतो. हलवून, हुंगून, आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं तरच झाकण उघडतं.

खरं तर हा खेळ लग्न न झालेल्या मुलींचा. पण विमलताईची सासू मोठ्या मनाची बाई होती. आम्ही नव्या सुना दारामागून गाणी ऐकत उभ्या असायचो, तर एका कोजागिरीला ती म्हणाली, “माहेर आठवते नं पोरींनो? मंग या, बसा.” तेव्हापासून कोजागिरीची भुलाबाई आमची. ती सासू गेली, आमच्या मुली सासरी गेल्या, आम्ही बसतच राहिलो.

ओळखायची पद्धत ठरलेली. डबा आधी माझ्याकडे. मी कानाशी धरून हलवायची आणि अर्धं सांगायची, सुटं आहे, गोल आहे, तुपातलं आहे. मग सत्यशीलेकडे. ती डोळे मिटून झाकणाच्या कडेवरून नाक फिरवायची आणि उरलेलं अर्धं सांगायची. एकदा विमलताईनं तिला फसवायला डब्यात तुळशीचं एक पान टाकलं होतं. हिनं हुंगलं आणि म्हणाली, “डबा रिकामाच आहे. पण तुळशीची पानं अशी सूर्य मावळल्यावर तोडू नाही, विमलताई.” आम्ही हसून हसून लोळलो होतो.

मग ती दोन वर्षं आली.

त्यांच्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. आमच्या गल्लीतून दोन माणसं गेली. त्यातले एक वामनराव. एप्रिलचं ऊन होतं. ते बाहेरून आले, डोक्याचा दुपट्टा काढून खुंटीला अडकवला आणि अंग मोडून आलंय म्हणाले. पाठोपाठ सत्यशीलाही तापली. दोघांना यवतमाळला नेलं. ती एकटी परत आली. अनिकेत, तिचा मुलगा, पुण्याहून आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आम्ही आपापल्या ओट्यावर उभ्या राहून रडलो. जवळ जायची बंदी होती.

त्यानंतर आम्ही एकमेकींकडे परत आलो त्या हळूहळू, रांगत आल्यासारख्या. आधी नुसतं भिंतीवरून बोलणं. मग ओट्याच्या दोन टोकांना बसणं. मग चहा, पण आपापला कप घरून घेऊन जायचा. विमलताई वरून ओतायची, जणू आम्ही सोवळ्यात आहोत. एके दिवशी मी माझा निळा कप तिच्याकडे विसरले. दुसऱ्या दिवशी तिनं तो स्वतःच्या कपांबरोबर धुऊन ठेवलेला होता. त्यावर आम्ही दोघी काही बोललो नाही. पण तिथून भीती गेली.

सत्यशीला मात्र कशातच आली नाही. ओट्यावर नाही, चहाला नाही. वामनरावांचं दुःख आहे, म्हणून पहिले सहा महिने कोणी काही म्हटलं नाही. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली, बाई भित्री झाली, कोणी म्हणे गर्वाची झाली. ती कोणाकडे जात नव्हती, आणि कोणी गेलं तर जाळीच्या दारातूनच बोलत होती.

कोजागिरीला मात्र ती आली. दिवेलागण झाली होती. विमलताईच्या अंगणात धांड्यांची खोपी उभी होती आणि तिच्यात भुलाबाई, भुलोजी. भुलोजीचं नाक माळ्यावर पडल्या पडल्या थोडं झडलं होतं. सत्यशीला खुर्ची ओढून जरा लांब बसली. मास्क तसाच. विमलताईची सून शाल्मली तिच्या पाया पडली तशी ती गडबडली, दीड वर्षात तिच्या पायाला कोणाचा हात लागला नव्हता. मग गाणी सुरू झाली. आमचे आवाज बसलेले, टिपऱ्या चुकत होत्या, अर्ध्या ओळी विसरलेल्या. तिसऱ्या गाण्याला मात्र सत्यशीला गायला लागली, आणि मधली विसरलेली ओळ तिलाच आठवली. विमलताईनं माझ्याकडे बघून डोळे पुसले.

मग शाल्मलीनं डबा आणला.

मी कानाशी धरला. यंत्रानं नुसतीच खरखर केली. “कोरडं आहे. हलकं आहे. बाकी माझ्या कानाचं काही खरं नाही आता,” मी म्हटलं आणि डबा पुढे केला.

“आन इकडं नाकवालीकडं!” विमलताई ओरडली. “काढ वं तो मुसका.”

सत्यशीलेनं मास्क खाली ओढला. दीड वर्षानं आम्ही तिचा चेहरा पाहिला. गाल बसले होते. तिनं डोळे मिटले, डबा नाकाशी धरला, झाकणाच्या कडेवरून हळूहळू नाक फिरवलं. अगदी पूर्वीसारखं. 

“शंकरपाळे,” ती म्हणाली.

अंगण गप्प झालं. कारण डब्यात लसणाची शेव होती, तीही ताजी. झाकण बंद असूनही शाल्मली चालत आली तेव्हाच साऱ्या अंगणाला लसणाचा वास सुटला होता. माझ्यापर्यंत आला होता, आणि माझं नाक काही वाखाणण्यासारखं नाही.

मग विमलताई मांडीवर थाप मारून हसली. “शंकरपाळे म्हणे! काय बाई मस्करी करते! लसणाचे शंकरपाळे व्हय गं माय!”

सगळ्या हसल्या. सत्यशीलाही हसली. “मग? म्हटलं पाहावं तुम्ही ओळखता का,” असं काहीसं म्हणाली आणि मास्क वर केला. शेव हातात घेतली, पण खाल्ली नाही, पदराच्या टोकाला बांधली. दूध प्यायला ती थांबली नाही.

सकाळी मी तिच्याकडे गेले. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. पुढच्या दाराची जाळी बंद दिसली म्हणून मागच्या परसातून शिरले. स्वयंपाकघराच्या दारातच मला धक्का बसल्यासारखं झालं. गॅसचा वास. साधा नाही, डोळ्यांत पाणी यावं इतका. आत देवघरासमोर सत्यशीला पाटावर बसली होती. निरांजनात वात घातलेली, हातात काडेपेटी, आणि काडी बाहेर काढलेली.

“सत्या!”

मी तिच्या हातावर झडप घातली. काड्या सांडल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली.

“काय झालं वं? काहून अशी करते?”

“गॅस! अगं, घर भरलंय सगळं!”

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बटण चालूच. मी ते बंद केलं, खिडक्या उघडल्या, तिला ओढत परसात नेलं. दोघी पेरूच्या झाडाखाली दगडावर बसलो.  ती मात्र रिकाम्या हाताकडे बघत होती, काडेपेटी अजून तिथं असल्यासारखी.

“कधीपासून?” मी विचारलं.

“यवतमाळहून आली तेव्हापासून.” ती म्हणाली, “मले वाटलं होतं जाईल महिनाभरात. डॉक्टरही म्हणे, येईल. काही नाही आलं. लसूण नाही, रॉकेल नाही, काही नाही. जेवण म्हणजे नुसतं गरम नाहीतर थंड. भाजी करपते, मले दिसल्यावर कळते. मग कोणाले घरी बोलावू? काय खाऊ घालू? खारट झालं का आंबलं, मले काय माहीत?”

“आम्हाला सांगायचं होतं.”

“अन् तुम्ही अनिकेतले सांगितलं असतं.” ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “तो दर रविवारी म्हणतो, आई, चल. मी म्हणते, मी इथं ठणठणीत आहे. तेवढ्यावर चाललंय माझं. त्याले हे समजलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. बाराव्या मजल्यावर राहतो तो. चांगला आहे बिचारा. सून मिताली चांगली आहे. पण तिथं मी काय करू सुनीती? इथं निदान मले माहीत आहे की वास कुठून कुठून येत होता. परसातल्या या पेरूचा, तिकडून जिनिंगचा, दुपारी विमलताईच्या तुरीच्या वरणाचा. येत नाही, पण जागा तर माहीत आहे.”

 ती पुन्हा म्हणाली, “त्याले सांगू नको.”

“आज तू गेली असतीस.”

“हो,” ती म्हणाली. “ते दिसलं मले. तुझ्या चेहऱ्यावर.”

मी वचन दिलं नाही. पण अनिकेतला फोनही केला नाही. विमलताईकडे गेले. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. “अन् मी काल तिले हसली नं वं,” एवढंच म्हणाली. मग पदर खोचून उठली. “चाल.”

सत्यशीलेसमोर कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, “हे पाह्य सत्ये. तुह्यं नाक गेलं, आमचे हायेत. सकाळचं सुनीती येईल, दूध-शेगडी पाहील. संध्याकाळचं मी येतो, वरणाले मीठ हाये का नाई ते सांगतो. पण पोट्ट्याले तू सांगशील. तुह्या तोंडानं. दिवाळीले येते तो, तवा. नाई सांगितलं तं मी सांगीन.”

“तुमचं घर सोडून रोज माझ्याकडे?”

“रोज कोणाच्या तरी घरी जाच लागते नं आमाले. दोन वर्सं कोणाच्याच घरी नाई गेलो, तं पाय आखडले.”

अशी ती पाळी सुरू झाली. सकाळी फिरून येताना मी तिच्याकडे शिरायची. दूध हुंगायची, कालचं वरण हुंगायची, डाळीचे डबे उघडून कुबट तर नाहीत ना ते बघायची. माझा निळा कप विमलताईकडून तिच्याकडे आला. पहिले काही दिवस ती लाजायची, डबे आधीच मांडून ठेवायची, परीक्षा असल्यासारखी. मग तीच माझी परीक्षा घ्यायला लागली.

“बाहेर काय येतंय?”

“फोडणी आहे कोणाची तरी.”

“कशाची?”

“फोडणीची गं. मोहरीची.”

“लसूण आधी पडला का मोहरी? नीट घे. घाई करू नको.”

मी नाक वर करून उभी राहायची, म्हातारपणी शाळेत घातल्यासारखी. आणि खरंच, हळूहळू मला कळायला लागलं. सकाळी ओल्या राखेचा वेगळा, दुपारी तापलेल्या टिनाचा वेगळा. जिनिंग सुरू झालं तसा सरकीचा, म्हणजे कापसातल्या बियांचा, तो जड तेलकट वास रोज दुपारी गल्लीत उतरायचा. आयुष्यभर त्या वासात राहिले, पण तो कोणाला तरी सांगावा लागेपर्यंत मी तो कधी घेतलाच नव्हता. मी सांगायची, आणि ती डोळे मिटून ऐकायची.

विमलताईचं वेगळंच. ती एक घास खायची आणि निकाल द्यायची. “बम मीठ टाकलं वं, समुद्र केला नुसता.” किंवा, “आज जमलं. घरी नेतो वाटीभर.” तिच्यामागून शाल्मली येऊ लागली, मग शेजारच्या. संध्याकाळी सत्यशीलेच्या ओट्यावर चपलांची गर्दी दिसायला लागली. जाळीचं दार दिवसा उघडं राहू लागलं. मास्क कधी गेला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळीला अनिकेत आणि मिताली आले. पाडव्याला जेवायला आम्हालाही बोलावलं होतं. वांग्याची भाजी सुरेख झाली होती. अनिकेत बोटं चाटत म्हणाला, “आई, हाताला तीच चव आहे अजून.”

सत्यशीलेनं वाढता वाढता पळी खाली ठेवली. “मीठ विमलताईनं पाहिलं,” ती म्हणाली. “मले चव येत नाही. वासही येत नाही. तुझे बाबा गेले तेव्हापासून.”

अनिकेतचा घास हातातच राहिला. मी ताटाकडे बघत होते.

“दीड वर्ष, आई?”

“सांगितलं असतं तर तू नेलं असतं.”

“नेलंच असतं. आताही नेणार. गॅसचं काय? काही जळालं तर? काकू, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” मी म्हटलं. आणि त्या सकाळचंही सांगितलं. काडेपेटीसकट. सत्यशीला माझ्याकडे बघत होती, पण तिनं मला थांबवलं नाही.

अनिकेतचा चेहरा पांढरा पडला. तो उठून हात धुऊन आला. “बॅग भर आई,” तो म्हणाला. “उद्याच निघू.”

 मग विमलताई म्हणाली, “ने बापा. तुही माय हाये. पण तथी तुम्ही दोघं सकाळी ड्यूटीवर गेले, का दिवसभर तिले कोण सांगीन बाहेर कशाचा वास येते ते?”

“काकू, हा गमतीचा विषय नाहीये.”

“मी कुठी गंमत करून राह्यली?” विमलताईचा आवाज एकदम खाली आला. “आम्ही रोज सांगतो तिले. सकाळी हे सुनीती, संध्याकाळी मी. इचार.”

अनिकेतनं आईकडे पाहिलं. ती काही सांगायला गेली नाही. विनवणी केली नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. त्याच्या ताटात राहिलेली भाजी तिनं झाकून ठेवली.

“मले जायचं नाही रे,” ती म्हणाली. “नेशील तर येईन. पण जायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली, ती यवतमाळच्या बाजारात गेली. संध्याकाळी अनिकेतनं विजेची शेगडी आणली, गॅसची टाकी उचलून एजन्सीकडे परत नेऊन दिली, आणि शेगडी कशी लावायची ते आईला आणि मला दोघींना शिकवलं. मला दोनदा, कारण पहिल्यांदा ऐकू आलं नाही. “उन्हाळ्यापर्यंत पाहू,” जाताना तो म्हणाला. “उन्हाळ्यात मी पुन्हा विचारणार आहे, आई.”

“विचार,” सत्यशीला म्हणाली.

उन्हाळ्याचं काय होईल ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. पण मला सांगायचंय ते संक्रांतीनंतरच्या एका सकाळचं.

मी नेहमीसारखी परसातून आत गेले. दुधाचं भांडं ओट्यावर होतं, पण तिनं ते पुढे केलं नाही. आतल्या खोलीतून एक डबा घेऊन आली. स्टीलचा, उभा, घट्ट झाकणाचा. तिचा भुलाबाईचा डबा. मी लगेच ओळखला.

“ओळख,” ती म्हणाली.

“आता कुठली भुलाबाई?”

“ओळख तर.”

मी कानाशी धरून हलवला. आवाज आला नाही. काहीतरी मऊ आत सरकल्याचं हाताला कळलं, आणि त्यासोबत दोनतीन बारीक ठोके. “कानाला काही सांगता येत नाही.”

“मग नाकानं सांग.” तिनं स्वतःच झाकण काढलं.

आत वामनरावांचा दुपट्टा होता. पांढरा, बारीक लाल काठाचा, नीट घडी घातलेला. त्या दिवशी त्यांनी खुंटीला अडकवलेला.

“दवाखान्यातून आली तेव्हा हा इथंच होता,” ती म्हणाली. “मी तोंडाशी धरला तर काहीच नाही. मले वाटलं, नाक परत येईल तेव्हा घेऊ. धुतला नाही. उडून जाऊ नये म्हणून या डब्यात घातला. झाकण घट्ट आहे याचं. आता नाक काही येत नाही. तू घे. तूच सांग मले, आहे का अजून.”

मी डबा नाकाजवळ नेला, आणि डोळ्यांत झोंबलं. दुपट्ट्याच्या घडीत पांढऱ्या डांबरगोळ्या होत्या, झिजून बारीक झालेल्या. घट्ट झाकणाखाली दीड वर्षाहून जास्त काळ. दुसऱ्या कशालाच तिथं जागा उरली नव्हती. मी पुन्हा हुंगलं, कोपरा उलगडून हुंगलं. नाही.

ती माझा चेहरा वाचत होती. नाक गेल्यापासून ती चेहरे फार चांगले वाचायला शिकली होती.

“डांबराचा येतो नं?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“कसर लागू नये म्हणून टाकल्या वं. मले वास येत नव्हता, तर त्यांनाही वास असतो हे ध्यानातच राहिलं नाही.” ती हे सावकाश म्हणाली, पाणीपट्टीच्या टेबलावर कोणाचा तरी हिशेब चुकल्याचं सांगावं तसं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मी झाकण पुन्हा लावलं. डबा दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले.

“काय करते?” तिनं विचारलं.

“थांब. झाकण न उघडता सांगते.” आणि मी वामनरावांना आठवलं. जिनिंगचा भोंगा झाला की गल्लीच्या तोंडाशी दिसणारे, भुवयांवर कापसाचे तंतू, बोटांच्या चिमटीत डबी. आमच्या दारावरून जाताना “काय सुनीतीबाई, लाइन जुळली का?” म्हणणारे. त्यांच्यामागून येणारी वाऱ्याची झुळूक. “तपकीर,” मी म्हटलं. “मग सरकी. मग घाम, उन्हातला. आणि खोबरेल, ते डोक्याला लावायचे ते.”

 मी डोळे उघडले तर तिचे मिटलेले होते.

“आधी सरकी,” ती म्हणाली. “दाराशी आले की आधी सरकी यायची. तपकीर मग, जवळ आल्यावर.”

“हो. आधी सरकी.”

तिनं माझ्या हातून डबा घेतला. दुपट्टा काढला, झटकला, गोळ्या वेचून परसातल्या मोरीत टाकल्या आणि डबा धुऊन उपडा घातला. दुपट्टा दाराजवळच्या खुंटीला अडकवला. मग तिनं शेगडीचं बटण दाबलं, माझा निळा कप काढला आणि भांडं माझ्यापुढे सरकवलं.

“दूध पाह्य,” ती म्हणाली. “कालचं आहे.”